फोटोत नसलेली

दवाखान्यातल्या सिस्टरना मागून सगळे ‘तोफ’ म्हणायचे, आणि ते त्यांच्या कानावर होतं. “म्हणू देत,” त्या म्हणायच्या, “निदान आवाज तरी पोचतो.” आसपासच्या वस्त्यांमधल्या बायकांची बाळंतपणं करण्यात त्यांची उभी हयात गेली होती.

पण सोनोग्राफीचं मशीन आलं आणि तोफेला कुणी विचारेना. मशीनवर त्यांचा राग नव्हता. आडवं मूल, खाली सरकलेली वार आधीच कळल्यामुळे वाचलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. राग होता तो टेबलावरून. मशीनला प्लगजवळची जागा हवी म्हणून रक्तदाब मोजायचं टेबल मागे सामानाच्या खोलीत गेलं. “तिकडे जाऊन तपासून घ्या,” म्हटलं की बायका मान डोलवायच्या आणि फोटो घेऊन थेट घर गाठायच्या. त्यात ते टेबल उचलताना एका बाजूने सिस्टरनीच हात लावला होता. ते आठवलं की त्यांचा स्वतःवरच जळफळाट व्हायचा.

त्या दिवशी गॅरेजवाल्याची बायको आली. आठवा महिना. नवरा, सासू, नणंद, सगळे पडद्यापुढे दाटीवाटीने उभे.

“नाक बघा, अगदी आपल्या घरचं!” सासू म्हणाली.

बाळ उत्तम आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि फोटो घेऊन वरात बाहेर पडली. सगळ्यांच्या मागे ती, भिंतीला धरून चाललेली. चपला हातात होत्या, कारण सुजलेले पाय त्यांत मावत नव्हते.

सिस्टर फाटकापर्यंत धावल्या. “डोकं दुखतंय का गं?”

“कालपासून. डोळ्यांपुढे काजवे पण चमकतात.”

“अहो, डॉक्टर छान म्हणालेत ना,” सासूने कागद पुढे केला. “हा बघा फोटो.”

“तो बाळाचा आहे! हिच्याकडे कोण बघणार, या भिंती?”

सामानाच्या खोलीत सिस्टरनी तिच्या दंडाला पट्टा बांधला. पारा भलताच वर चढलेला बघून त्यांनी तिथूनच डॉक्टरांना हाक मारली. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, आणि गॅरेजवाल्याच्याच जीपमधून तिला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. जीप गेल्यावर सिस्टरनी ते टेबल एकटीने फरफटत आणलं आणि मशीनच्या खोलीच्या दारात आडवं लावलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाला हसत आला. मोबाइल सिस्टरच्या नाकासमोर धरला.

“सिझर झालं, सिस्टर! बाळ लहानसं आहे, पण ठणठणीत. अगदी फोटोतल्यासारखं!”

“आणि ती?”

त्याचं हसू मावळलं. “तिला झटके आले म्हणे. आत ठेवलंय. मी बाळापाशीच होतो.”

“शुद्धीवर आलीय का?”

“ते... विचारलं नाही.”

सिस्टरच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि डोळेही भरून आले. त्यांनी समोरचा मोबाइल हाताने बाजूला सारला.

“चल, उलट्या पावली फीर. आधी तिला बघून ये. तोवर मला बाळ दाखवू नकोस.”