चुलीला लावलेला कडप्पा

मुंबईत मी आठ वर्षं लोकांच्या भिंतींना दगड लावत होतो. बंगल्यांच्या दर्शनी भिंती, जिने, आणि एकदा तर कुणा शेटच्या दिवाणखान्यातली शोभेची शेकोटी. ज्या शहरात माणूस जानेवारीतही पंखा लावून झोपतो तिथे या गृहस्थाला भिंतीत शेकोटी हवी होती. तिच्याभोवती मी काळा कडप्पा असा बसवला की सांध्यावरून नख फिरवलं तरी अडकत नसे. शेटने पाठ थोपटली आणि माझं डोकं फिरलं. आईच्या चुलीलाही असाच दगड लावायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

आमचं घर पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला. वडील गेल्यापासून आई तिथे एकटीच राहत होती. दर मे महिन्यात मी जायचो आणि म्हणायचो, आता चल माझ्याबरोबर. तिचं उत्तर ठरलेलं असे, "माझं मी रांधून खाते तवर नाय." मुंबईतली माझी खोली तिने एकदा पाहिली होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच पिशवी भरली होती. शेवटी आमचं असं ठरलं की ज्या दिवशी तिला स्वतःची भाकरी भाजता येणार नाही, त्या दिवशी तिने मुकाट्याने माझ्याबरोबर यायचं.

ऐंशी सालाच्या आसपासची ही गोष्ट. महाडहून कडप्पा कापून घेतला, यष्टीच्या टपावर चढवला आणि पुढची चढण डोक्यावरून वाहिला. घाम पुसत आईला म्हणालो, "आये, चुलीला दगड लावतो. रोजचं सारवणं संपलं तुझं."

"कशाला रे? मातीची बरी हाय."

"काय बरी? नुसती काळीकुट्ट झालीय. का नको, ते तरी सांग."

तिने चुलीच्या काठावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "लाव. तुझी हौस हाय ना, लाव."

हौस माझीच होती, खोटं कशाला बोलू.

चूल आईने स्वतःच्या हाताने घातलेली होती. पुढच्या काठाला तिच्या बोटांचे खळगे होते. बाजूला वैल, म्हणजे कालवण गरम ठेवायचं दुसरं तोंड, त्याच्या कडेला तीन चिंचोके मातीत दाबून बसवलेले. एकटीने करमत नाही म्हणून म्हातारी असले खेळ करते, असं मला वाटलं. हसत हसत मी ते छिन्नीने उचकटून काढले. मातीला सिमेंट धरत नाही, म्हणून बाहेरून विटेचा पातळ थर घेतला आणि त्यावर कडप्पा चढवला. समोर, दोन्ही बाजूंना, वरच्या काठालाही. शेटच्या शेकोटीपेक्षा काम सरस झालं.

मग आठवडाभर त्याला पाणी मारत होतो. तेवढे दिवस अंगणात तीन दगड मांडून मीच जाळ करत होतो, मीच भात शिजवत होतो. आई पडवीत भिंतीला टेकून बसायची. फारसं बोलायची नाही. तिला आराम मिळतोय, बरं वाटत असेल, असं मी समजत होतो. आठ दिवस रोज समोर बसलेल्या माणसाकडे मी एकदाही नीट पाहिलं नाही, याचा राग मला आजही येतो.

नव्या चुलीवर आधी दूध उतू घालतात. शेजारघरची काकी दूध घेऊन आली, वाडीतल्या चार बायका बघायला आल्या. मी जाळ केला आणि आईला पाटावर बसवलं. आईने दुधाचं पातेलं डाव्या हातात धरलं आणि उजवा तळवा चुलीच्या काठावर ठेवून हळूहळू पुढे सरकवला. काहीतरी शोधत होती. गुळगुळीत दगडावरून हात कुठेही न अडता पुढे गेला आणि कड संपली तसा सरळ निखाऱ्यात पडला. पातेलं कलंडलं. ती ओरडलीसुद्धा नाही, फक्त हात पोटाशी धरून वाकली.

काकी धावली. तिचा हात पाण्यात धरत म्हणाली, "सांग गो आता त्याला. किती दिवस लपवशील?" मग काकीच माझ्याकडे वळली. "दोन वर्सं झाली, तिला दिसत नाय. उजेड तेवढा कळतो. मला शपथ घातलीन व्हती."

बोटांचे खळगे म्हणजे चुलीचं तोंड. चिंचोके म्हणजे वैल. रोज सकाळी सारवताना ती त्या खुणा पुन्हा ताज्या करायची आणि त्यांच्या जोरावर दोन वर्षं एकटी रांधून खात होती. दगड नकोच म्हणून अडून बसली असती तर तिला कारण सांगावं लागलं असतं, म्हणून लाव म्हणाली. बायका एकेक करून निघून गेल्या. सांडलेल्या दुधावर माश्या बसल्या.

"आता माझ्याबरोबर यायचं," मी म्हणालो. आवाज चढला होता माझा. चिडलो होतो ते स्वतःवर, पण बोलणी तिला बसत होती.

ती शांतपणे म्हणाली, "व्हती तशी करून दे. हाताला वळखीची लागली तर मी ऱ्हाते. नाय लागली तर येते."

रजेचे चार दिवस उरले होते. माझं आयुष्यातलं सगळ्यात सुबक काम मी घणाने फोडलं. तिच्या हाताला पट्टी होती, म्हणून माती मीच मळली, भाताचं तूस घातलं, शेण घातलं. ती उंबऱ्यावर बसून सांगत होती, काठ बसका ठेव, वैल जरा आत घे, आणि मी वैलाच्या कडेला पुन्हा तीन चिंचोके दाबून, तिची बोटं आठवून काठाला खळगे पाडत होतो. ते खळगे पुन्हा पुन्हा गवंड्याच्या हातचे होत होते, एका रेषेत, एका मापाचे.

तिसऱ्या दिवशी चूल वाळली. आई पाटावर बसली आणि डाव्या हाताने काठ चाचपू लागली. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. वैलापाशी थांबली, मागे आली, पुन्हा गेली. परक्या घरात आल्यासारखी ती चाचपत होती. मला रडू येत होतं, पण आवाज केला असता तर तिला कळलं असतं.

तिने पदराला हात पुसला.

"पहिली यष्टी किती वाजता हाय?" तिने विचारलं.