चुका काढणाऱ्यांचं पुस्तक

“चूक सापडली का?” कोणी नमस्कार केला, की आमच्या जळगावच्या कॉलेजातले फिजिक्सचे सर हेच विचारायचे आणि टोपण काढून पेन पुढे करायचे.

ऐंशीच्या दशकात विज्ञानाची इंग्रजी पुस्तकं खेड्यातून आलेल्या मुलांना परवडत नव्हती. परवडली तरी कळत नव्हती. सरांनी मुलांकडूनच मराठीत पुस्तक लिहून घेतलं. एका प्रकरणाला चार-पाच मुलं. बाकीच्यांनी चुका काढायच्या. मग सायक्लोस्टाइल प्रती, सगळ्यांना फुकट. दर जूनला नवी मुलं जुन्या प्रतीवर तुटून पडत. मुखपृष्ठावर कोणाचंच नाव नसे. मी इंग्रजी शिकवायचो. आमच्या विभागात उलट होतं. नावं भरपूर, पुस्तक नाही.

हे संस्थेच्या अध्यक्षांच्या कानावर गेलं. असे अध्यक्ष तुम्हीही पाहिले असतील. कापायला फीत नसली की ते बेचैन होतात. पुस्तक छापून, किंमत लावून विकायचं त्यांनी ठरवलं आणि फोटोसह दोन पानी प्रस्तावना पाठवली. सरांनी ती नियमाप्रमाणे वर्गात फिरवली.

दोंडाईच्याची एक मुलगी प्रस्तावनेची पानं हातात घेऊन उभी राहिली. “सर, आठे फिजिक्स कोठे शे?”

“शोध. असेल कुठेतरी.”

“नही ना सर. बठ्ठं काढी टाका.”

सरांनी अख्खी प्रस्तावना परत पाठवली, वर शेरा मारून: ‘अभ्यासक्रमाबाहेर.’ दुसऱ्या दिवशी सायक्लोस्टाइलच्या खोलीला कुलूप.

“आता काय करणार?” मी विचारलं.

“दुसरं यंत्र शोधणार. परीक्षा थोडीच थांबते?”

सावद्याच्या एका मुलाच्या काकांकडे केळीच्या भावाची पत्रकं काढायचं यंत्र होतं. कागदही त्यांचेच, एका बाजूनं कोरे. त्या वर्षी प्रकाशाचं प्रकरण वाचून पान उलटलं, की केळीचा भाव कळायचा.

पुढे सर निवृत्त होऊन मेहरूणला राहायला गेले. आता पुस्तक बंद पडणार, असं मी धरून चाललो होतो. मुलांनी नव्या वर्षाचा मसुदा त्यांना पाठवला. सरांनी उष्णतेच्या प्रकरणात एक दुरुस्ती सुचवली. मुलांनी त्यावर आठवडाभर वाद घातला आणि ठरवलं, सरांचंच चुकलंय. वाक्य होतं तसं ठेवलं.

हे त्यांना सांगायला दोन मुलं सायकलवरून निघाली. मीही सोबत गेलो. दाराबाहेर चपलाच चपला. सर पहाटेच गेले होते.

परतताना एकजण म्हणाला, “सरांनी वाद घातला असता.”

“हरले असते,” दुसरा म्हणाला, आणि सायकल हातात धरून बराच वेळ नुसता चालत राहिला.