मास्तरांच्या पोटाचा बायपास

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांनी आयुष्याची सव्वीस वर्षं ड्रायव्हरशेजारच्या सीटवर काढली होती. शिकाऊ माणसं यायची, घाबरायची, घाम पुसायची आणि पास होऊन निघून जायची, मास्तर तिथंच. एकशे बावन्न किलोंचा माणूस एका बाजूला बसल्यावर छोटी गाडी त्या बाजूला झुकणारच. त्यामुळे त्यांचे विद्यार्थी स्टिअरिंग जरा उलट्या अंगाला ओढून धरायला शिकत. पुढं स्वतःची गाडी घेतली की पहिले आठ दिवस ती भलतीकडेच का जाते म्हणून बुचकळ्यात पडत. हे मास्तर स्वतःच रंगवून सांगायचे. लोकांनी हसायच्या आत आपणच त्यांना हसवून मोकळं व्हायचं, ही त्यांची शाळेपासूनची युक्ती होती आणि ती कधी फसली नव्हती.

फसली ती एका सकाळी, टपालपेटीपाशी. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि मास्तरांची सगळी अब्रू त्या ब्रेकवर. त्या दिवशी वळणावर शिकायला आलेल्या एका कारकुनानं ब्रेक समजून नेमकं दुसरंच पेडल दाबलं. मास्तरांनी पाय उचलला, पण मांडी पोट आणि डॅशबोर्डच्या मध्ये अडकली. अर्ध्या सेकंदाचाच उशीर झाला. तेवढ्यात गाडी फुटपाथवर चढली आणि टपालपेटीला जाऊन भिडली. बाबागाडी ढकलत निघालेली एक बाई त्या पेटीपासून नुकतीच दहा पावलं पुढं गेली होती.

कुणाला खरचटलंही नाही. दिवसभर मास्तर 'बिनतिकिटाची गाडी पोस्टात टाकली' म्हणून सांगत सुटले. घरी आल्यावर मात्र बूट न काढताच खुर्चीत बसले.

"पाय वेळेवर गेला नाही," ते बायकोला म्हणाले.

बायको चष्म्याच्या दुकानात काम करायची. दिवसभर लोकांना 'आता दिसतंय का' विचारायची तिला सवय होती. ती म्हणाली, "पायाचा काही दोष नाही. पोट मध्ये आलं."

यावर मास्तरांना विनोद सुचला नाही. महिन्याभरात ते सर्जनसमोर बसले होते. तपासण्या झाल्या, गुडघे, साखर, रक्तदाब सगळ्यांनी मास्तरांविरुद्ध साक्ष दिली. सर्जननं कागदावर चित्र काढलं: पोटाची एवढीशी पिशवी करायची आणि आतड्याचा पुढचा भाग वर आणून तिला जोडायचा.

"म्हणजे गर्दीचा भाग टाळून बाहेरून रस्ता काढणार," मास्तर म्हणाले. "बायपास. आमच्याच धंद्यातला शब्द."

"बरोबर. पण बायपास झाला म्हणून गाडी कशीही हाकायची नसते," सर्जन म्हणाला.

ऑपरेशन सुरळीत पार पडलं. मास्तरांच्या मते अवघड काम डॉक्टरांच्या वाट्याला आलं होतं आणि आपल्याला नुसतं झोपायचं होतं. हा गैरसमज आहारतज्ज्ञ बाईंनी दूर केला. मास्तरांच्या लेकीपेक्षाही लहान वाटणाऱ्या या बाई कधी आवाज चढवत नसत. आधी नुसतं पातळ, मग मऊ, मग हळूहळू घन. प्रत्येक घास तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. प्रथिनं आधी, बाकीचं जागा उरली तर. गोड बंद. गोळ्या जन्मभर. आणि चालायचं, रोज.

मास्तर सव्वीस वर्षं लोकांना नियम शिकवत आले होते. आता पाळायची वेळ आली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की ज्या विद्यार्थ्यांचा आपल्याला मनापासून वैताग यायचा, आपण त्यातलेच आहोत. प्रत्येक नियमाला त्यांचा एकच प्रश्न: "पण एवढ्यानं काय होतंय?" बाई शांतपणे म्हणायच्या, "एकदा करून बघा, मग मला फोन करा." तिसऱ्या आठवड्यात त्यांनी सुपाचे दोन घोट जरा घाईनं घेतले. एवढ्यानं काय होतं ते छातीत गच्च बसलेल्या कळेनं सांगितलं. फोन करायची गरज पडली नाही.

पोट भरल्याची खूण म्हणजे शिंक. सहाव्या-सातव्या चमच्याला मास्तरांना शिंक यायची. असं काहींना होतं, असं बाईंनी सांगितलं होतं. "इतकी वर्षं पोटानं कधी पुरे म्हटलं नाही," मास्तर म्हणाले. "आता बोलतंय, तेही नाकातून."

चालण्याचं प्रकरण वेगळंच निघालं. शहरातलं वळण न् वळण त्यांना पाठ होतं, पण ते सीटवरून. कोपऱ्यावरच्या दुकानातही ते गाडी घेऊन जात. पायी निघाल्यावर कळलं की वाचनालयाच्या अलीकडे चांगला चढ आहे. गाडीनं इतक्या वर्षांत हे त्यांच्या कानावर घातलं नव्हतं. शिवाय रस्त्यावर निम्मी माणसं त्यांनीच तयार केलेली. हॉर्न वाजायचा, काच खाली व्हायची. "मास्तर, बसा, सोडतो." आपल्याच विद्यार्थ्याला नाही कसं म्हणायचं. पहिल्या आठवड्यात मास्तर तीनदा चालायला गेले आणि तीनदा गाडीतून परत आले.

"पाय हलवले का?" बायकोनं विचारलं.

"हलवले. सवयीनं ब्रेक दाबत होतो."

दुसऱ्या दिवसापासून बायको सोबत येऊ लागली. तिनं कुणालाच गाडी शिकवली नव्हती, त्यामुळे ती कुणाच्याच गाडीत बसायला तयार नव्हती.

वजनाबरोबर स्नायूही जातात म्हणून व्यायामाच्या सरांनी एक रबरी पट्टा दिला आणि हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठायला सांगितलं. पट्टा पहिल्याच दिवशी हातातून सुटला आणि भिंतीवरच्या घड्याळाला लागला. खुर्चीवरून मास्तर चार वेळा उठले. पाचव्यांदा खुर्ची त्यांच्याबरोबर उठली. खुर्चीच्या हातांमध्ये अडकण्याइतकं कंबरडं अजून शिल्लक होतं. दीड महिन्यानं दहा जमले, तेव्हा त्यांनी लेकीला फोन करून कळवलं. लेक दुसऱ्या शहरात होती. "बाबा, उठलात हे छान झालं," ती म्हणाली. "पण मी मीटिंगमध्ये आहे."

चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. वजन कमी झालं तशी कातडी सैल पडली, गळ्याखाली पडदा लोंबू लागला. चरबी गेली तशी थंडी वाजू लागली, विद्यार्थी घाम पुसायचे आणि मास्तर शेजारी स्वेटर घालून बसायचे. ओळखीची माणसं आवाज खाली आणून विचारायची, "सगळं ठीक आहे ना?" जाड होतो तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही आणि आता जो तो आपल्या तब्येतीची चौकशी करतो, याची मास्तरांना मोठी गंमत वाटायची. पुढं काटा एकशे अठरावर येऊन थबकला. तीन आठवडे ढिम्म. मास्तरांनी काटा बाथरूमच्या एकेका फरशीवर ठेवून वजन केलं, कारण ढाळामुळे फरक पडतो अशी त्यांची अटकळ होती.

"काट्याचा तोल ठीक आहे," बायको दारातून म्हणाली. "तुमचा गेलाय."

याच दिवसांत त्यांना एक गोष्ट दिसली. जेवणाच्या वेळी मास्तर टेबलावर आपली छोटी वाटी घेऊन बसत आणि बायको म्हणे, "तुमचं चालू द्या, मी नंतर खाते." एकदा पाण्याचा अर्धा तास झाला असं समजून ते स्वयंपाकघरात गेले, तर ती ओट्याशी उभी राहून, त्यांच्याकडे पाठ करून, भराभर जेवत होती. एखाद्या पोरानं चोरून खावं तशी. मास्तर पाऊल न वाजवता परत आले. ऑपरेशन आपलं झालं आणि उपास हिला घडतोय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलावर तिचं ताट मांडलं.

"तुमच्यासमोर नको," ती म्हणाली. "तुमचा जीव जातो."

"जाऊ दे जरा. तू बस."

ती बसली. मास्तरांच्या अर्ध्या वाटीला चाळीस मिनिटं लागत. पूर्वी ते सात मिनिटांत तीन माणसांचं जेवण आटोपून टीव्हीसमोर जायचे. तोंडात घास असताना बोलता येत नसल्यामुळे आता ते ऐकू लागले. तिच्या दुकानातला मालक चष्मा लावूनच चष्मा शोधतो, तिला दोन वर्षांपासून पोहायला शिकायचंय, हे सगळं त्यांना बाराव्या आणि अठ्ठाविसाव्या चावण्याच्या मध्ये कळलं.

सातव्या महिन्यात मास्तर शंभराच्या जवळ आले आणि जरा शेफारले. त्यांची एक विद्यार्थिनी, निवृत्त परिचारिका, सातव्या परीक्षेत पास झाली आणि मोठा केक घेऊन शिकवणीच्या मैदानावर आली. "तुमच्यामुळे झालं, मास्तर," असं म्हणून तिनं तुकडा पुढं केला. मास्तरांनी खाल्ला. क्रीम अगदी ताजं होतं. तिनं दुसरा पुढं केला, तोही खाल्ला.

पुढची शिकवणी दातांच्या डॉक्टरबाईंची. पन्नाशीच्या या बाईंच्या खुर्चीत भलेभले हातपाय गाळायचे, पण क्लचवर पाय ठेवला की त्यांचेच हातपाय गळायचे. चार महिने झाले, त्या मैदानाबाहेर पडल्या नव्हत्या. दुसऱ्या गिअरच्या वर त्यांच्या मते आकाशच होतं.

दोन फेऱ्या झाल्या असतील, मास्तरांना दरदरून घाम फुटला. छाती धडधडू लागली, पोटात पीळ पडला, डोळ्यांपुढं अंधारी आली. आपण आता जातो, असं त्यांना वाटलं. बाईंनी गाडी थांबवून त्यांची नाडी धरली.

"काय खाल्लंत?"

"काही नाही."

"मिशीला क्रीम लागलंय."

मास्तरांनी मिशी पुसली. बाईंनी गाडी सुरू केली आणि मैदानाच्या फाटकातून सरळ मोठ्या रस्त्यावर घातली. मास्तर अर्धमेले पडले होते, पण चौक आल्यावर तोंडातून निघालंच, "इंडिकेटर."

"तोंड बंद," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या एरवी रोज उलट म्हणत. ट्रक, बस, मोठा चौक, सगळं पार करत त्यांनी तिसरा गिअर टाकला. गाडी एकदाही बंद पडली नाही. मास्तरांच्या अंगात त्राण असतं तर त्यांनी नक्कीच मध्ये ब्रेक दाबला असता आणि बिघडवलं असतं.

हॉस्पिटलात हृदय ठणठणीत निघालं. इतकं गोड त्या नव्या रस्त्यानं एकदम खाली उतरलं की असं होतं, तासाभरात निवळतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आहारतज्ज्ञ बाई खाली आल्या.

"किती खाल्लंत?"

"एक तुकडा."

"हातानं दाखवा केवढा."

मास्तरांनी दाखवला. मग दुसरा हातही वर केला.

बाई रागावल्या नाहीत. "भूक लागली होती?"

"नाही." "तिनं एवढ्या प्रेमानं आणला. मी आजवर कधी कुणाला नको म्हटलेलं नाही. जाड माणसानं खायला नको म्हटलं की लोकांचा हिरमोड होतो. आणि मग मी आहे तरी कशासाठी, असं वाटतं."

ऐकताना आहारतज्ज्ञ बाई स्टुलावर बसल्या. "हे आम्हाला कापता येत नाही," त्या म्हणाल्या. "हे तुम्हालाच शिकावं लागेल. दर बुधवारी इथं ऑपरेशन झालेली माणसं जमतात, या."

मास्तर गेले. पहिल्या बुधवारी त्यांनी टपालपेटीपासून केकपर्यंत सगळं सांगून वीस माणसांना पोट धरून हसवलं आणि खूश होऊन खाली बसले. शेजारच्या सुतारानं विचारलं, "आणि तुम्हाला कसं वाटलं, ते राहिलं." ते सांगायला मास्तरांना आणखी पाच बुधवार लागले. त्यानंतर परिचारिकाबाई स्वतःच्या वाढदिवसाला पुन्हा केक घेऊन आल्या तेव्हा मास्तर म्हणाले, "मला नको." आभाळ कोसळलं नाही. बाईंनी तो तुकडा स्वतःच खाल्ला आणि चांगला झाल्याचं सांगितलं.

दातांच्या डॉक्टरबाई पहिल्याच परीक्षेत पास झाल्या. त्यांनी मास्तरांना भेट म्हणून एक टूथब्रश दिला.

आता दीड वर्ष झालं. मास्तर शहाण्णव किलोंवर स्थिरावले आहेत. यापेक्षा खाली फारसं जाणार नाही, असं सर्जनचं म्हणणं. सैल कातडी आहे, सकाळच्या गोळ्या आहेत, वाचनालयाचा चढ आहे. बायको पोहायला जाते आणि मास्तर काठावर रबरी पट्टा ओढत तिची वाट बघतात.

मागच्या आठवड्यात एक नवी मुलगी शिकायला आली. गाडीत बसायच्या आधी तिला आईचा फोन आला. शिकवणारा माणूस कसा आहे, असं आईनं विचारलं असावं. ती दोन पावलं बाजूला जाऊन म्हणाली, "साधेच आहेत गं. चष्मा आहे. जरा जास्त बोलतात."

काच खाली होती, मास्तरांनी ऐकलं. पन्नास वर्षांत 'जाड' हा शब्द न घेता त्यांचं वर्णन कुणी केलं नव्हतं. ते हरखून गेले, आणि मुलगी येऊन बसेपर्यंत त्यांना जरा रागही आला. जास्त बोलतात म्हणजे काय. ते गाडी सुरू करायच्या आधी याबद्दल तिला सविस्तर सांगू लागले.