आत्याबाईंचं भिणं

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कुणाच्याही घरी गेल्या की आधी दार कुठं आहे ते बघायच्या. पाहुण्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला तरी यांचा पहिला प्रश्न, "मागून वाट हाय का वो?" लग्नकार्यात जेवायला बसल्या तरी पंगतीच्या टोकाला, मांडवाच्या तोंडाशी. सापाला भीत, विजेला भीत, हळद शिजवायच्या कढईच्या वाफेलाही भीत. लग्न होऊन मी वसमत तालुक्यातल्या त्या गावात आले तेव्हा मला वाटलं, म्हातारपणाचं खूळ असेल. पहिल्याच आठवड्यात पायाखालची जमीन गुरगुरली आणि माझं हसू तिथंच थांबलं.

आमच्या भागात जमिनीतून आवाज येतात. कधी दोन-दोन महिने काही नाही, कधी आठवड्यात दोनदा. दारावरून भरलेला ट्रक जावा तसं घुमतं, मांडणीतली ताटं थरथरतात आणि थांबतं. शिकलेली माणसं येतात, बघतात, घाबरू नका म्हणतात आणि निघून जातात. आत्याबाईंना ते मुळीच पटत नसे. "त्याह्यचं काय, ते जीपात बसून गेले. आपल्याला हितंच निजायचं हाय." ताटं वाजली रे वाजली की त्या सगळ्यांना अंगणात काढत. मुलं, सुना, आलागेला पाहुणा, कुणाला सूट नाही. भरल्या ताटावरून उठून, खरकट्या हातानं उन्हात उभी राहून मी त्यांना मनातल्या मनात बरंच बोलले आहे. त्या मात्र सगळे बाहेर आल्यावर मटकन खाली बसत आणि पदरानं तोंड पुसत.

आमच्याकडे पत्र्याच्या घरांवर दगड ठेवायची रीत आहे. वावधन सुटलं की पत्रे उडून जाऊ नयेत म्हणून डोक्याएवढे दगड. धक्के वाढले तेव्हा सरकारी माणसं दगड उतरवा म्हणून सांगून गेली. गावानं माना डोलावल्या आणि दगड होते तिथंच ठेवले. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शिडी लावली आणि माझ्या नवऱ्याला, त्यांच्या थोरल्याला, हाक मारली. "गन्या, चढ वर. वाऱ्यानं गेलं तर टिन जाईल, दगड आला तर लेकरू जाईल. काय पायजे ते सांग." लेकरू म्हणजे माझी तीन महिन्यांची मुलगी. तिची झोळी नेमकी त्या पत्र्याखाली टांगलेली होती. दगड उतरले आणि पत्रे तारेनं आवळले गेले.

चैत्रातल्या वावधनानं त्यातले दोन पत्रे उचलले आणि अंगणात वाळत घातलेल्या हळदीवर आणून आपटले. वरून पाऊस. हळद भिजली, वर्षाची मेहनत काळी पडली. गाव हसलं ते वेगळंच. आमच्या ह्यांचा राग मोठा. आत्याबाई लेकीच्या गावी, हट्ट्याला गेल्या तो मोका साधून ह्यांनी पत्रे बसवले आणि दगड परत चढवले. खाली उभी राहून एकेक दगड मीच वर देत होते. ते आता लपवून काय करू?

आत्याबाई परतल्या, वर पाहिलं आणि उंबराच ओलांडला नाही. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाज टाकली, तिथंच चूल मांडली. "त्या दगडाखाली म्या न्हाई येत. तुमचं घर तुमाला लखलाभ." हे म्हणाले, "बसू दे, दोन दिसांत येईल." आठ दिवस झाले तरी त्या तिथंच. शेजारणी बघून जात, मला मेल्याहून मेल्यासारखं होई. शिवाय रोज सकाळी पोरीला तेल लावायचं निमित्त करून तिला घेऊन जायच्या त्या दुपारपर्यंत परत द्यायच्या नाहीत. मी ओरडले की म्हणायच्या, "काहून घाई करून राहिली? राहू दे की माझ्यापाशी."

अशाच एका सकाळी मी आत भाकरी थापत होते. हे शेतात होते. त्या दिवशी ताटं वाजली नाहीत, एकदम खालीच आली. मला उठताच येईना. पत्रे करकरत होते आणि वरचे दगड घसरताना मला ऐकू येत होते, त्यातला प्रत्येक मी माझ्या हातानं दिलेला. मुलगी बाहेर आहे याचंही भान राहिलं नाही. मी रिकाम्या झोळीकडे रांगत निघाले. तेवढ्यात पोरीला बाजेवर टाकून आत्याबाई आत शिरल्या. माझा दंड धरला आणि ओढलं. "पोरगी भाईर हाय! ऊठ बया, ऊठ!" आम्ही अंगणात पडलो तेव्हा आत पत्र्याची जोड उघडली आणि झोळीची दोरी तोडून दगड खाली आला.

तीन दिवस त्यांना कपबशी धरवत नव्हती. मीच चहा पाजला. विचारलं, "आत्याबाई, तुमी आत कशा आलात वो?" म्हणाल्या, "भेतच आले. पन लेकीला माय लागती, दुसरं काय." ह्यांनी त्याच संध्याकाळी सगळे दगड उतरवून बांधावर नेऊन टाकले. महिनाभर त्यांनी आईकडे मान वर करून पाहिलं नाही.

पुढे तीन वर्षांनी आत्याबाई साध्या तापानं गेल्या. शेवटच्या दिवसांत एकच धोशा, "म्या गेले की घरात गर्दी करू नका. समदं खानदान एका छपराखाली नगं. भाईर बसा, भाईर रडा." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

वैशाखाचे दिवस होते. त्यांना पोहोचवून आलो तेव्हा अंगण तापलं होतं. माणसं एकेक करून सावलीला घरात शिरली. बघता बघता घर भरलं, पाय ठेवायला जागा नाही. ह्यांच्या मांडीवर आमची मुलगी, भवती नणंदेची, दिराची पोरं. जमीन अगदी शांत होती, एक वाटीसुद्धा हलली नव्हती. तरी मी दारातच उभी राहिले, आत शिरले नाही. मी म्हणाले, "उठा, समदे अंगनात चला." कुणी हललं नाही. हट्ट्याची नणंद रडता रडता म्हणाली, "काहून वं वैनी? उन्हात मारती काय आमाला?"

"मला भ्या वाटून राहिलं," मी म्हणाले. भरल्या घरात, सगळ्यांदेखत.

हे उठले. पोरीला खांद्यावर घेतलं, माझ्या बाजूनं बाहेर गेले आणि भर उन्हात जाऊन उभे राहिले.