खालांच्या गोष्टीतला आरसा

आमच्या शेजारच्या खालांएवढे आरसे अख्ख्या नेवाशात कुणाकडे नसतील. आणि घरात म्हणाल तर एकच, तोही डागाळलेला. बाकीचे सगळे गोष्टींत! दुपारी माझ्या ओट्यावर गोधडीला टाके घालता घालता गोष्ट सुरू व्हायची. राजाची असो की चोराची, मध्ये आरसा यायचाच, आणि त्यात बघणाऱ्याला आपलं खरं रूप दिसायचं. गंमत अशी, की ते रूप नेमकं समोर बसलेल्याचं निघायचं. मिशांना पीळ देत टेम्पोवाले भाऊजी टेकले, की गोष्टीतल्या सरदाराला आरशात पलंगाखाली दडलेलं मांजर दिसायचं. माझी सून मोबाईलमधून मान वर काढीना, तर राजकन्येला आरशात तोंडच दिसलं नाही, "नुसता अंगठा! त्याला नथ घातलेली." सून आठ दिवस फुगून होती. मी पोट धरून हसायची. खालांच्या खोडी तरी किती! भर उन्हाळ्यातसुद्धा चहाचा कप पदरात गुंडाळून प्यायच्या.

"खाला, माझा आरसा कधी?" मी विचारायची.

"पुसायला घेतलाय वहिनी. लई धूळ हाय."

एकदा चार बायका चहाला जमल्या होत्या, तेव्हा मी हट्टच धरला. खाला म्हणाल्या, "एक राणी हुती. लई मायाळू. दारात येईल त्याला चहा पाजायची. एक दिस तिनं आरशात बघितलं, तर..." आणि त्यांची नजर हातातल्या कपावर गेली. निळा, कान तुटलेला. बाकी सगळ्यांच्या हातात फुलाफुलांचे, एका सेटमधले.

तो कप खालांचा. मुसलमान म्हणून सासूबाईंनी वेगळा काढलेला, खिडकीत पालथा. सासूबाई जाऊन जमाना झाला. रीत मीच चालवत होते. खालांनी कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"तर काय दिसलं हो?" बायका मागेच लागल्या.

"आरसाच फुटला," खाला म्हणाल्या. "चला, चोराची सांगते."

कुणालाही न सोडणारी बाई, मला तेवढं सोडलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी त्यांना फुलांचा कप द्यायला लागले, पण माफी मागायला जीभ उचलली नाही. एरवी दिवसभर चालते मेली.

आता खाला लेकाकडे नागापूरला असतात. मध्ये भेटायला गेले, तर कपाटातला पाहुण्यांचा कप काढून, पुसून त्यांनी माझ्या हातात दिला. मी धीर करून विचारलं, "खाला, त्या राणीला काय दिसलं?"

"कोन राणी? चहा घ्या, निवतोय."

निळ्या कपातून आता मीच पिते. कान नसल्यामुळे बोटं भाजतात. पदरात गुंडाळल्याशिवाय धरवतच नाही तो.