देवी काढलेला हात

अमरावतीच्या दवाखान्यात मी देवी काढायला शिकत होतो. पोराच्या दंडावर सुईनं ओरखडायचं, त्यात लस भरायची. आठवड्याभरात फोड उठले की काम साधलं. माझे मेले उठतच नव्हते! डॉक्टरसाहेबांनी शेवटचं बजावलं, "एक तरी उठलेला हात आणून दाखव, नाहीतर घरची वाट धर."

झोप उडाली. संशय आला तो माझ्याच खोलीत राहून हेच काम शिकणाऱ्या अकोल्याच्या पोरावर. त्याचे बरे उठायचे! माझ्या सुया हाच बिघडवत असणार. मी सुया उशाखाली घेऊन निजू लागलो, त्यानं दिलेलं पाणीही पिईना. "पागल झाला काय बे?" म्हणून तो हसायचा. त्या हसण्यानं डोकं आणखीच फिरायचं.

शेवटी काचेच्या नळीत लस घेऊन गावी गेलो. आमचं माळ्याचं घर. भाव चढले म्हणून दादानं वांगी-मिरची उपटून सगळा कापूस लावलेला. वहिनीनं मुकाट्यानं लेक पुढं केली. मी टोचलं आणि हात धुवायला विहिरीवर गेलो. परत येतो तर काय, वहिनी पोरीचा दंड कडुलिंबाच्या पाण्यानं खसाखसा चोळून राहिली!

"वहिनी! हे काय?"

"भाऊजी, तुमी त आपलेच. पन सुई सरकारची हाय. खूण केलेले लेकरं पूल टिकावा म्हनून रेल्वेच्या पुलाखाली गाडते म्हनते."

"कोण म्हणतं?"

"सारेच म्हनते. सारेच धुते."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अकोल्याचा पोरगा टोचून झाल्यावर त्याच दारात बसकण मारायचा, भाकर मागून खायचा, गप्पा हाणायचा. मी त्याला आळशी म्हणायचो. लस वाळेपर्यंत तो राखण करत होता, आणि मी त्याच्यावरच डूख धरून बसलो होतो!

मग मीही तेच केलं. पोरीला पुन्हा टोचलं आणि वहिनीवर नजर ठेवून उंबऱ्यात बसलो.

"काहून पाहून राहिले असे? चोर हाय का मी?"

"हो," म्हणालो. "भाकर वाढा."

फोड उठले, चांगले टपोरे. साहेबांना दाखवायला पोरीला अमरावतीला न्यायचं होतं, पण वहिनी तिला एकटी सोडेना; तीही बैलगाडीत बसली. बडनेऱ्याजवळ रेल्वेच्या पुलाचं काम चाललेलं. पायाचा खड्डा उघडा होता. काठावरचा मुकादम उठला आणि आमच्याकडं बघू लागला. वहिनीनं पोरीला पदराखाली ओढलं.

असल्या गप्पांना मी वर्षभर हसत आलो होतो. पण आता मीच पुढं वाकलो. "हाकल बे, थांबू नको!" मी गाडीवानावर ओरडलो.

"पाहा," वहिनी म्हणाली, "तुमी बी."

साहेबांनी पोरीचा हात पाहिला, मान डोलावली. माझी जागा राहिली. परतीला वहिनी काही बोलायच्या आत मीच गाडीवानाला लांबची वाट धरायला सांगितलं.