भाऊजींचा तुसाचा वास

चार माणसांत जायचं आणि तोंड उघडायचं नाही, एवढ्या एका गुणावर महिन्याचा पगार घेणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच, आणि तो नेमका आमच्या घरात निघाला. माझे धाकटे दीर. आम्ही मखमलाबादकडचे, फुलांच्या मळ्याचे. झेंडू, शेवंती, निशिगंध. सकाळी लवकर तोडायची आणि बाजारात पोचवायची. अशा घरात जन्मून भाऊजी औषधशास्त्र शिकले, शहरातल्या एका कॉलेजात शिकवायला लागले, आणि तिथल्या मागच्या खोलीत त्यांनी उंदीर पाळले. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. ते एकमेकांशी कसे वागतात, कोण कोणाजवळ जातो, कोण जात नाही, हे बघत बसायचं, हा त्यांचा अभ्यास. सासूबाई म्हणायच्या, "येवढं शिकून उंदरांच्या भानगडी बघतोय. त्यापरीस भावकीच्या बघ म्हणावं, लय मोठं पुस्तक व्हईल."

उंदरांना परका वास सोसत नाही, म्हणून भाऊजींना साबण बिनवासाचा, तेल नाही, पावडर नाही. घरभर फुलांच्या पाट्या आणि हे आपले अंग चोरून मागच्या दारानं बाहेर पडायचे. कॉलेजात घालायचा शर्ट कॉलेजातच ठेवलेला. माझ्या लग्नात अत्तर लावणारा समोर आला तर यांनी जवानासारखं ताठ होऊन दोन्ही हात पाठीमागं नेले आणि गंभीरपणे सांगितलं, "नको, उद्या प्रयोग आहे." तो बिचारा पुढं येऊन माझ्या वडिलांना हळूच विचारतोय, "नवरदेवाचे भाऊ देवळालीला तोफखान्यात आहेत का हो?" भाऊजींच्या अंगाला वास यायचा तो एकच, भाताच्या तुसाचा. उंदरांच्या पिंजऱ्यात अंथरायला तूस लागायचं. ते घोटीच्या राइसमिलमधून पोतं भरून स्कूटरवर बांधून आणायचे. ते घरात शिरले की आधी तुसाचा वास यायचा, मग भाऊजी.

गल्लीला मात्र या अभ्यासाचं फार कौतुक, तेही उलटं. कुणाच्या घरात उंदीर झाले की बोलावणं भाऊजींना. शेजारच्या काकू तर कमरेला पदर खोचून आल्या, "तू उंदरांचा मास्तर ना? मग माझ्या पिठाच्या डब्यामागचा एक तरी काढून दाखव." भाऊजी म्हणाले, "काकू, माझा अभ्यास उंदीर एकमेकांशी कसे वागतात याचा आहे." काकू म्हणाल्या, "दोघं मिळून पीठ खातात, असे वागतात! लिही तुझ्या पुस्तकात!" भाऊजी खरोखर विचारात पडले. नंतर मला म्हणाले, "वहिनी, दोघं मिळून खातात हे महत्त्वाचं आहे हां."

त्यांनी एका सुताराकडून एक लांबट पेटी करून घेतली होती. आत तीन खण. एका टोकाच्या खणात तारेच्या जाळीखाली एक अनोळखी उंदीर, दुसऱ्या टोकाला तशीच जाळी, पण रिकामी. मधल्या खणात आपला परीक्षेचा उंदीर सोडायचा आणि तो कुठं जातो ते बघायचं. साधा उंदीर भोचक असतो, तुरुतुरु अनोळखी पाव्हण्याकडे जातो. पण भाऊजींचे काही उंदीर वेगळे होते, आईच्या पोटात असतानाच औषध दिल्यामुळे तसे जन्माला आलेले. ते रिकाम्या जाळीपाशीच रमायचे. असं का होतं, ते भाऊजींना शोधायचं होतं. परीक्षेच्या आधी उंदराला रिकाम्या पेटीत दहाएक मिनिटं नुसतं फिरू द्यायचं, जागा ओळखीची होऊ द्यायची, हा तिथला नियम. भाऊजींनी तो माणसांनाही लावला. कुणाकडे गेले की आधी चांगला वेळ गप्प बसायचे. पाणी आलं, चहा आला, यजमान घामाघूम, हे आपले भिंतीकडे बघतायत.

दिंडोरीला त्यांना मुलगी दाखवायला नेलं, तेव्हा तर काय सांगू! द्राक्षबागवाले लोक, बैठकीत वीसएक माणसं, पोह्यांच्या बशा फिरतायत, आणि आमचा नवरा मुलगा मुका. शेवटी मुलीच्या मामांनी माझ्या नवऱ्याच्या कानात विचारलं, "पाव्हणं, पोराला बोलता येतं नव्हं?" परतताना मी भाऊजींवर उखडले. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, ती सारखी दाराकडे बघत होती. तिला इथं नकोय, दुसरीकडे जायचंय. तुम्हीच नाही म्हणून कळवा, म्हणजे तिला बोलणी बसणार नाहीत." पुढं त्या मुलीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केल्याचं कळलं. भाऊजींचं काही त्यानंतर जमलं नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटल्याचंही दिसलं नाही.

आणि मग माझा सोहम. तीन वर्षांचा झाला तरी बोलेना, हाक मारली तर वळेना, कुणाच्या डोळ्यांत बघेना. पाटीतले झेंडू एका ओळीत मांडत बसायचा. डॉक्टरांनी स्वमग्न असा शब्द सांगितला. तो आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. बालवाडीनं "मुलांत मिसळत नाही" म्हणून परत पाठवला. येणारा जाणारा पाहुणा गालगुच्चा घ्यायचा, "नाव सांग बाळा, नाव सांग," आणि पोरगं किंचाळून पलंगाखाली. मी रडून रडून थकले होते. मला त्याला डॉक्टर, कलेक्टर करायचा नव्हता हो. माझं मागणं एकच होतं, यानं एकदा, आपल्या पायांनी, कुणाजवळ तरी जाऊन बसावं.

त्या दिवसांत भाऊजी कॉलेजातून आले की माजघराच्या दाराशी जमिनीवर बसायला लागले. टिकटिक नको म्हणून घड्याळ काढून ठेवलेलं, नजर दुसरीकडे. रोज. माझ्या लक्षात आलं आणि डोक्यात सणक गेली. "भाऊजी, माझं लेकरू म्हणजे तुमचा उंदीर वाटला का? घरात परीक्षा मांडलीत त्याची?"

भाऊजी हलले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "नाही हो वहिनी. उंदीर मी. जाळीखाली बसलेला, अनोळखी. परीक्षा माझी चालली आहे. पास करायचं की नाही, ते तो ठरवेल."

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. पावसाळा गेला, दसऱ्याच्या झेंडूची गडबड सुरू झाली. एका संध्याकाळी मी हार ओवत होते आणि सोहम पलंगाखालून निघाला. सरळ भाऊजींकडे गेला, त्यांच्या बाहीला नाक लावून वास घेतला, आणि मांडीला मांडी लावून बसला. भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचे कान तेवढे लाल झाले होते. सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला, आणि माझी सुई बोटात घुसलेली मला नंतर कळली. दोन वर्षं मग ती जोडी रोज तशीच बसायची. त्याच काळात सोहम त्यांना "काका" म्हणायला शिकला.

पुढं भाऊजींना हैदराबादला मोठ्या प्रयोगशाळेत बोलावणं आलं. त्यांनी महिनाभर नाही म्हटलं, मीच रागावून पाठवलं. उरलेलं अर्धं पोतं तूस पडवीत राहिलं. सासूबाई ते चुलीत घालायला निघाल्या होत्या, मी हात लावू दिला नाही. दर रविवारी भाऊजींचा फोन यायचा. मी खुशाली विचारून रिसीव्हर सोहमच्या कानाला लावायची, की दोन्हीकडे सामसूम. माझा नवरा म्हणायचा, "हे असं गप्प बसायचं तर फोन कशाला लागतो?" पण दोघं खुशीत असायचे. एका रविवारी मात्र सोहमनं रिसीव्हर कानावरून काढला आणि नाकाला लावला. पुन्हा कानाला, पुन्हा नाकाला. मग माझ्या हातात देऊन म्हणाला, "काका नाही." मी ते भाऊजींना सांगितलं. भाऊजींचं गप्प बसणं मी ओळखते, त्या दिवशीचं वेगळं होतं. मग म्हणाले, "दिवाळीला येतो."

आले. नव्या शर्टात, जरा वाळलेले. जुन्या जागी बसले. सोहम पुढं आला, बाहीचा वास घेतला आणि मागं सरला. हैदराबादला पिंजऱ्यात तूस नसतं, मक्याच्या कणसाचा भुगा असतो, हे आम्हाला काय ठाऊक! सोहम पडवीत निघून गेला. भाऊजी भिंतीकडे बघत राहिले. एवढं मिळालेलं गेलं म्हणायचं का? तेवढ्यात पोरगं परत आलं. ओंजळभर तूस घेऊन आलं होतं. ते त्यानं भाऊजींच्या खांद्यावर ओतलं, पुन्हा जाऊन दुसरी ओंजळ आणली, तीही ओतली. मग वाकून वास घेतला, आणि मांडीला मांडी लावून बसला.

भाऊबीज झाली आणि भाऊजी मनमाडला गाडी धरायला निघाले. अंगात तोच शर्ट, कॉलरीत तूस अडकलेलं. सासूबाई म्हणाल्या, "आरं, निदान झटकून तरी घाल. चार लोकांत जायचंय, कोण काय म्हणंल?"

"असू दे, आई," भाऊजी म्हणाले. "तिथं माझ्या ओळखीचं कुणी नाही."